यादीतली पहिली पन्नास

सकाळी अकरापर्यंत सव्वीस माणसं मत देऊन गेली होती, आणि प्रणिता तायडेच्या टेबलावरचा तो इवलासा दिवा त्यातल्या सहा वेळा पिवळा लागला होता.

सहा हा आकडा तसा मोठा नाही. पण प्रणिता एकवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होती. शंभरात तीन यायला हवेत तिथे सव्वीसात सहा आले, हे तिच्या डोक्यातून जाईना. चिंचोडी नगरपंचायतीच्या प्रभाग सातची पोटनिवडणूक होती, मतदार सहाशे बारा, आणि केंद्राध्यक्ष ती. समोर पाढ्यांचा तक्ता, फळ्यावर कालची तारीख, आणि खोलीत इतकी सामसूम की पंख्याचा खडखडाटही मोठा वाटत होता.

मागच्या आठ-दहा वर्षांत गावोगावचं मतदान घसरत घसरत वीस टक्क्यांच्या खाली आलं होतं. भाषणं झाली, बक्षिसं लावून झाली, केंद्रापुढे रांगोळ्या काढून झाल्या. माणूस घराबाहेर पडेना. शेवटी सरकारने पूरक मतदानाचा कायदा केला. जो येणार नाही त्याचं मत यंत्र टाकेल. कसं? तर तो आला असता तर कोणाला दिलं असतं, याचा अदमास घेऊन. कागदोपत्री त्याचं नाव पूरक मतदान यंत्र. चिंचोडीत सगळे त्याला अदमाशी मशीन म्हणत.

यात जादूटोणा काही नव्हता. गल्लीतला किराणावाला गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याचा नेहमीचा साबण काढून ठेवतो, तसलाच प्रकार. कोणाचं घर कुठे, कामधंदा काय, नगरपंचायतीकडे तक्रार कशाची, प्रभागसभेत कोण काय बोललं, हे यंत्राला आधीच दिलेलं असे. त्यावरून ते प्रत्येक नावापुढे एक अंदाज मांडून ठेवी. मग दिवसभरात जे खरोखर येत, त्यांच्या मतांवरून ते स्वतःला सुधारत जाई. एक खरं मत पडलं की त्या माणसासारख्या पंधरा-वीस गैरहजरांचा अंदाज थोडा इकडे किंवा तिकडे सरके. मत कोणाला गेलं हे कधीच कळत नसे. केंद्राध्यक्षाला दिसे तो फक्त दिवा. खरं मत अंदाजाशी जुळलं तर पांढरा, नाही जुळलं तर पिवळा. साडेपाचला यंत्र आपोआप मिटे आणि उरलेल्यांची मतं स्वतःच टाकून मोकळं होई.

तीन निवडणुकांत पडताळणी झाली होती. शंभरातले सत्त्याण्णव अंदाज बरोबर निघाले. मग काय विचारता. आपल्या मनातलं मशीनला कळतंय म्हटल्यावर जे थोडेफार येत होते, तेही घरी बसले.

प्रणिताने हातातल्या पेन्सिलीने पिवळ्या दिव्यांचे यादीतले क्रमांक एका कागदावर लिहिले. चार, अकरा, सतरा, एकोणतीस, त्रेचाळीस. पाच जण पन्नासच्या आतले. सहावा एकशे बारा. सगळे टेकाडपुऱ्याचे, म्हणजे यादी ज्या वस्तीपासून सुरू होते तिथले.

तिने पेन्सिल खाली ठेवली. पन्नास म्हणताच तिला सकाळ आठवली.

पावणेसहाला अभिरूप मतदान करायचं असतं. खरं मतदान सुरू व्हायच्या आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींदेखत पन्नास खोटी मतं टाकून मशीन तपासायची आणि मग ती मतं पुसून टाकायची. नावं यादीत सगळीकडून निवडायची, मतं सगळ्या उमेदवारांना सारखी वाटायची, असा नियम. पण तीन उमेदवारांपैकी एकाचाच प्रतिनिधी आला होता, सदाफळ्यांचा शुभम डोंगरदिवे. तोही जांभया देत. बाहेर अजून उजाडलं नव्हतं आणि क्षेत्रीय अधिकारी खुपसे साहेबांचे, प्रमाणपत्र पाठवा म्हणून, तीन निरोप येऊन गेले होते.

"कोणती दाबू?" शुभमने विचारलं होतं.

"दाब बाबा कोणतीबी, उरकू दे," यादी आणि शाई सांभाळणारे वानखडे सर म्हणाले होते आणि यादीतली पहिली पन्नास नावं एका दमात वाचून काढली होती. शुभमने पन्नासही वेळा पहिलं बटण दाबलं. पहिलं बटण सदाफळ्यांचं.

त्यानंतर प्रणिताने 'क्लिअर' दाबलं. पडद्यावर शून्य आलं. सील लावलं, सह्या झाल्या, प्रमाणपत्र गेलं.

आता तिने पिशवीतून प्रशिक्षणाची वही काढली. तिच्याच अक्षरात, लाल शाईत, खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं होतं: क्लिअर दोनदा. नव्या यंत्राला दोन स्मृती. पहिल्यांदा दाबलं की मतं पुसतात, दुसऱ्यांदा दाबलं की यंत्र जे शिकलं ते पुसतं. अकरा निवडणुका तिने जुन्या मशीनवर काढल्या होत्या. तिथे एकदा दाबलं की काम व्हायचं. बोटाला तीच सवय होती.

म्हणजे मतं गेली होती, शिकवण राहिली होती. यंत्राच्या लेखी ती पन्नास माणसं भल्या पहाटे स्वतः येऊन सदाफळ्यांना मत देऊन गेली होती. आता ती स्वतः आल्याशिवाय त्यांच्यापुरती ही समजूत पुसणार नव्हती. आणि त्यांच्यावरून यंत्र सगळ्या वस्तीचा अंदाज बांधत होतं. एकशे बारा क्रमांकाचा दिवा पिवळा लागला तो त्यामुळेच.

टेकाडपुऱ्यात मतदार दोनशे चौदा. आणि सदाफळ्यांचं एकच आश्वासन होतं: गावातला कचरा डेपो हलवून टेकाडपुऱ्याच्या विहिरीमागच्या गायरानात न्यायचा. निम्म्या गावाला ते पसंत होतं, म्हणजे निकाल टेकाडपुऱ्याच्या मतांवरच लागणार होता. टेकाडपुऱ्याने दोन वर्षं तक्रारी केल्या होत्या, सभेत भांडण केलं होतं. म्हणूनच आज ते निवांत होते. कापूस वेचणीचे दिवस, रोज बुडवून यायचं कशाला? यंत्राला आपलं मन ठाऊक आहे.

प्रणिताने वही मिटली. ती उठली आणि वानखडे सरांना खुणेने व्हरांड्यात बोलावलं.

नंदकिशोर वानखडे तिच्याच शाळेतले, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे. बारा वर्षं दोघांना निवडणुकीची कामं एकत्र लागत आली होती. तिच्या मुलीच्या बारशाला पाळणा त्यांनीच आणला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"कोणाले सांगतलं?"

"अजून कोणालाच नाही."

"मंग सांगू नको, ताई." चारचौघांत ते तिला मॅडम म्हणत, एकटं असलं की ताई. "मार्चात रिटायर होऊन रायलो मी. प्रमाणपत्रावर साक्षीदार म्हणून सही माही हाय. नावंबी मीच वाचली. चौकशी लागली तं पेन्शन अडकते. घरी तिचं डायलिसिस चालू हाय, तुले माहीत हाय ते."

माहीत होतं. गेल्या पावसाळ्यात प्रणिताच आठवड्यातून एकदा वहिनींना अकोल्याला घेऊन जात होती.

"आणि तो डेपो, सर?"

"डेपो काय, आज ना उद्या कुठंतरी होणारच हाय." हे बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिने खुपसे साहेबांना फोन लावला. साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही मला बोललाच नाहीत असं समजा. लेखी दिलंत तर मला वर पाठवावं लागेल. वरून उत्तर येईपर्यंत साडेपाच वाजतील, मशीन मिटेल, सहाला निकाल लागेल. पुढे कोर्टात पाच वर्षं. डेपो व्हायचा तो होईलच, वर तुम्ही दोघं निलंबित. कोणाचं भलं झालं सांगा?"

"सील तोडून दुसऱ्यांदा क्लिअर केलं तर?"

"तर गुन्हा दाखल होईल. चूक नाही, गुन्हा."

ती परत खुर्चीवर येऊन बसली. डबा उघडला नाही. एक वाजला, दीड वाजला. आणखी सात मतदार आले, सगळे गावातले, सगळे पांढरे दिवे. तिने मनाशी हिशेब मांडून पाहिला. खरं मत नेहमीच अंदाजाला बाजूला सारतं. पन्नासातली निम्मी माणसं जरी स्वतः आली, तरी यंत्र वस्तीबद्दलचं आपलं मत बदलेल. उपाय तेवढाच होता आणि तो तिच्या हातात नव्हता. केंद्राध्यक्षाने कोणालाही बोलावणं पाठवायचं नसतं, यंत्राबद्दल तर चकार शब्द काढायचा नसतो.

सव्वादोनला गोकर्णाबाई आल्या. पंच्याहत्तरीच्या, काठी टेकत, लुगड्याला खोचलेलं ओळखपत्र काढत. यादीत सत्तावीस. टेकाडपुऱ्याच्या.

"एवढ्या उन्हात कशाला आल्या, आजी?" वानखडे सरांनी बोटाला शाई लावता लावता विचारलं.

"शाईसाठी येतो, बापू. मशीन मत टाकते, पर शाई नाई लावत." त्या हसल्या आणि पडद्याआड गेल्या. मशीन वाजलं.

दिवा पिवळा.

बाहेर आल्यावर त्या प्रणिताच्या टेबलापाशी थांबल्या. "बाई, एक विचारतो. पोरं म्हणतेत, तू कायले जाते, आपल्या मनातलं मशीनले बराबर समजते. खरं हाय का हे?"

वानखडे सरांचं पेन थांबलं. कोपऱ्यातल्या बाकावर पेंगणाऱ्या शुभमनेही मान वर केली.

प्रणिताला "हो" म्हणता आलं असतं. त्या एका अक्षराने सरांची पेन्शन, तिची स्वतःची नोकरी, सगळं शाबूत राहणार होतं. समोर म्हातारी निळं बोट वर धरून उभी होती, आणि तिला खोटं सांगायची प्रणिताला लाज वाटली. इतकी, की बाकी सगळी भीती त्यापुढे मागे पडली.

"नाही, आजी," ती म्हणाली. "एरवी समजत असेल. आज टेकाडपुऱ्याचं मन मशीनला समजलेलं नाही. चूक माझ्या हातून झाली. मत कोणाला द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण द्यायचं असेल तर साडेपाचच्या आत स्वतः येऊन द्यावं."

शुभम उठून उभा राहिला. "मॅडम, हे बोलता येते का तुमाले?"

"नाही येत. तुमच्या वहीत लिहून घ्या. मीही लिहितेय."

गोकर्णाबाई वळल्या. जिना उतरताना त्यांची काठी आधीपेक्षा लवकर लवकर वाजली.

प्रणिताने केंद्राध्यक्षाची दैनंदिनी उघडली आणि सगळं लिहून काढलं. पन्नास मतं, पहिलं बटण, एकदाच दाबलेलं क्लिअर. शेवटी लिहिलं: साक्षीदाराने माझ्या सांगण्यावर विसंबून सही केली. वही तिने वानखडे सरांपुढे सरकवली. त्यांनी वाचलं, वही मिटली आणि परत दिली.

"एका ओळीनं वाचवतेस का मले?" ते हळू म्हणाले. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत.

शुभमने मात्र व्हरांड्यात जाऊन फोन केला असावा, कारण तीनच्या सुमारास खुपसे साहेबांचा फोन आला आणि या वेळी आवाज खालचा नव्हता. "काय बोललात तुम्ही तिथे? मी निघतोय. येईपर्यंत कोणालाही काही सांगायचं नाही."

चार वाजले. साडेचार. शाळेच्या फाटकाबाहेरचा रस्ता टेकाडापर्यंत सरळ दिसत होता, आणि त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. प्रणिताला वाटलं, म्हातारीचं कोण ऐकणार. शेतं सहा किलोमीटरवर, वजन झाल्याशिवाय मुकादम कोणाला सोडत नाही. पाच वाजले. आपण सरांचं घर उगाच उन्हात आणलं, आणि तेही फुकट, असं तिच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने ते पदराने टिपलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून नऊ मिनिटं.

आधी धूळ दिसली. मग टेम्पो. त्यामागे आणखी एक.

माणसं उड्या टाकून उतरली. डोक्याला फडकी, केसांत कापसाचे पुंजके, हातांवर बोंडांचे ओरखडे. कोणी काही विचारलं नाही, कोणी आरडाओरडा केला नाही. ओळखपत्रं हातात धरून ती सरळ भिंतीला लागून उभी राहिली. वानखडे सरांनी पहिलं नाव शोधलं, क्रमांक मोठ्याने वाचला, बोट धरलं, शाई लावली. दुसरं. तिसरं. मशीन वाजत राहिलं. दिवा पिवळा, पिवळा, पिवळा. पहिल्या पन्नासांतलं नाव असलं की हमखास पिवळा. पण पंधरा-वीस मतांनंतर एकशे छत्तीस क्रमांकाची एक बाई आली आणि दिवा पांढरा लागला. प्रणिताने श्वास सोडला. यंत्र पुन्हा शिकायला लागलं होतं.

पाच पंचवीसला खुपसे साहेबांची गाडी फाटकातून आत आली. साहेब तरातरा जिना चढले आणि व्हरांड्यातली रांग पाहून जागीच थांबले. आठ वर्षांच्या नोकरीत त्यांनी मतदानाची रांग पाहिली नव्हती.

"साडेपाचला बंद करा," ते म्हणाले.

"करते, साहेब." प्रणिताने पेटीतून चिठ्ठ्यांचं पुडकं काढलं. वेळ संपताना रांगेत असलेल्यांना केंद्राध्यक्षाच्या सहीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, आणि द्यायला सुरुवात शेवटच्या माणसापासून करायची, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. चिठ्ठ्या जितक्या, तितक्या मतांसाठी यंत्र उघडं राहतं. पुडक्यावरचा कागदी पट्टा गेल्या अकरा निवडणुकांत तिने कधी फोडला नव्हता.

"हे कोणी सांगितलं?"

"नियम आहे, साहेब. तुम्हीच शिकवला होता, प्रशिक्षणात."

ती रांगेच्या टोकाकडे चालू लागली. त्याच वेळी शुभम बाकावरून उठला, गळ्यातला सदाफळ्यांचा बिल्ला काढून खिशात घातला आणि तिच्या पुढून जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला.

"तुमचं नाव याच यादीत आहे?" तिने विचारलं.

"अडतीस नंबर. सकाळी सरांनी वाचलं तवा मीच दाबलं होतं माह्या नावानं." तो खाली बघत होता. "माय म्हणाली, तू टेकाडपुऱ्याचा हायेस का सदाफळ्याचा?"

सदाफळ्यांचा टेम्पो तोच चालवत होता, हे तिला सकाळी त्याने स्वतःच सांगितलं होतं. घरातली तेवढीच कमाई. तिने पहिली चिठ्ठी त्याला दिली आणि तिथून पुढे एकेक देत आली. एकूण त्रेसष्ट. फाटक बंद झालं.

शेवटचं मत पडायला पावणेसात झाले. वानखडे सरांचा हात मनगटापर्यंत निळा झाला होता. "शाई संपत आली," ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. शुभमचं बोट धरताना मात्र त्यांनी ते क्षणभर जास्त धरलं. शुभम पडद्याआड गेला.

खुपसे साहेब तिच्या खुर्चीच्या मागे येऊन उभे होते. "पहिल्या पन्नासांतलाच ना हा?" ते म्हणाले. "सदाफळ्यांचा माणूस. याचा तरी पांढरा लागेल. बघू."

मशीन वाजलं.

पहिल्या पन्नासांतल्या माणसाचं मत आज दिव्यावरून कळत होतं. प्रणिताने तोवर दिव्यावर तळहात ठेवला होता. बोटांच्या फटींतून पिवळा उजेड यायला लागला, तेव्हा तिने दुसराही हात वर ठेवला आणि यंत्र मिटेपर्यंत दोन्ही हात तसेच दाबून धरले.

"काय लागला?" साहेबांनी विचारलं.

"दिसला नाही, साहेब."